चेक लाइट घालवली, चार दिवसांत परत आली: छोट्या गाडीचे कोड स्वतः वाचताना

मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराची पिवळी लाइट लागली आहे. गॅरेजवाल्याने मशीन लावलं, दोन बटणं दाबली, लाइट गेली, तुम्ही पैसे दिले. चार दिवसांनी ऑफिसला निघताना तीच लाइट परत हजर. हे सगळं लिहितोय ते त्या परत हजर होणाऱ्या लाइटसाठी. लाइट लागते तेव्हा इंजिनाचा कॉम्प्युटर तक्रारीचा एक क्रमांक लिहून ठेवतो, तो कोड; आणि तो वाचून स्वतःच्या पडद्यावर किंवा फोनच्या अॅपवर दाखवणारं मशीन म्हणजे स्कॅनर.

मी मेकॅनिक नाही. नोकरी लिफ्टच्या देखभालीची, त्यामुळे मल्टिमीटर हातात धरायची सवय आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो, २०१४ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, नंतर सीएनजी किट बसवून घेतलंय. हीच लाइट माझ्या गाडीत तीनदा आली आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या गाड्यांत किती वेळा पाहिली त्याचा हिशोब ठेवलेला नाही. रविवारी सकाळी खालून "अहो, जरा ते तुमचं मशीन घेऊन या ना" अशी हाक आली की घरात कोणी विचारतही नाही कुठे चाललात म्हणून.

लक्षणं

आधी आपली तक्रार यातल्या कशात बसते ते पाहा.

- लाइट स्थिर आहे, गाडीत काहीच फरक जाणवत नाही.
- लाइट स्थिर, पण सिग्नलला आयडलिंग वरखाली होतं, एसी लावला की इंजिन बसल्यासारखं करतं, एव्हरेज घसरलंय.
- गाडी मिसिंग मारते (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनच पेटत नाही), स्टिअरिंगला थरथर येते आणि लाइट लुकलुकते.
- पावसात लागते, चार दिवस ऊन पडलं की आपोआप जाते.
- सीएनजीवर लागते, पेट्रोलवर लागत नाही. किंवा सीएनजीवर सुरू होते आणि मग पेट्रोलवरही गाडी धड चालत नाही.
- लाइट आहे, पण स्कॅनर गाडीशी बोलायलाच तयार नाही.

आणखी एक उलटं लक्षण आहे, ते फार जण पाहत नाहीत. चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, ही लाइट लागलीच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर ती विझते. चावी ऑन करूनही लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कोणीतरी ती मुद्दाम बंद केली आहे. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर टायर आणि सीट कव्हरच्या आधी हे बघा.

बोंब मारणारा तो चोर नव्हे

पहिल्यांदा माझ्या गाडीत लाइट आली तेव्हा कोड होता पी०१७१. मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कोण सांगतं? सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर. उस्ताद म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गया." मी साडेतीन हजारांचा सेन्सर आणला, बसवला, कोड पुसला, लाइट गेली. पाचव्या दिवशी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गांधीनगरच्या सिग्नलला उभा असताना परत लागली.

दोष होता इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या, मागे जाणाऱ्या एका रबरी वळणदार पाइपात. वरून धडधाकट दिसत होता, पोटाकडून चिरलेला. हाताने दाबला तेव्हा चीर उघडली. किंमत एकशे ऐंशी रुपये. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत होता आणि मी त्यालाच काढून फेकलं.

म्हणून कोडमध्ये ज्याचं नाव आलं तो भाग बिघडलाय असं धरून दुकान गाठू नका. कोड तक्रार सांगतो, तक्रारीचं मूळ सांगत नाही. ते शोधायला खालची वाट आहे, स्वस्ताकडून महागाकडे.

आधी फुकटातलं

लाइटचा रंग आणि वागणं पाहा. पिवळी स्थिर असेल तर घाबरू नका, गाडी घरी नेता येते. पिवळी लुकलुकत असेल तर इंजिनात मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टर तापून वितळतो, आणि तो या सगळ्या यादीतला महागड्यातला महाग भाग. पाय हलका करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. लाल तेलाची लाइट किंवा लाल तापमानाची लाइट सोबत असेल तर पुढचं वाचू नका, गाडी बंद करून टोइंगला फोन करा.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा: गाडीत शेवटचा हात कोणी घातला आणि कशासाठी? सर्व्हिसिंग, एअर फिल्टर, इंजिन धुणं, बॅटरी बदलणं, सीएनजी ट्यूनिंग, म्युझिक सिस्टिम. आमच्या मागच्या इमारतीतल्या एका मुलाच्या गाडीत कोड आला पी०११३, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा. अ‍ॅपवर हवेचं तापमान दिसत होतं उणे चाळीस. मे महिना, विक्रोळी. वायर तुटली किंवा सुटली की हा सेन्सर उणे चाळीस दाखवतो. आदल्या दिवशी एअर फिल्टर बदलून घेतला होता आणि सेन्सरच्या वायरीचा कपलर (जोड) परत लावायचा राहिला होता. टक् करून बसवला, संपलं.

परदेशी व्हिडिओंत पहिला सल्ला पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करण्याचा असतो. तिकडच्या गाड्या टाकीतल्या वाफेची गळती मोजतात. आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांत ती मोजणी सहसा नसते. झाकण घट्ट करा, त्यात काही जात नाही, पण त्याच्यावर आशा लावून बसू नका.

बॅटरी

वरवर वाटतं बॅटरीचा इंजिनाच्या कोडशी काय संबंध. सगळे सेन्सर, ठिणगी देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि तो कॉम्प्युटर तिच्यावरच चालतात. व्होल्टेज खाली गेलं की एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात, आणि माणूस पाचही भाग बिघडले म्हणून डोक्याला हात लावतो. एकदम कोडांची जत्रा दिसली तर माझा पहिला संशय बॅटरीवर आणि अर्थिंगवर.

रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर १२.४ ते १२.७ दाखवायला हवा. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग. इंजिन सुरू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. टर्मिनल हाताने हलवून पाहा, हललं तर घट्ट करा. पांढरट-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. आधी निगेटिव्ह काढा, शेवटी निगेटिव्हच लावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही बुरशी लवकर चढते. वरळीला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या गाडीत दर वर्षी हेच काम असतं.

स्कॅनर बोलत नाही तेव्हा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं. कधी उघडं, कधी फ्यूजच्या झाकणामागे. आपल्याकडे बीएस ४ (धुराच्या नियमांची चौथी पायरी) गाड्यांना ओबीडी २, म्हणजे कोड एका समान भाषेत वाचता येण्याची पद्धत, सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची. अशा गाडीत पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल (सॉकेटमध्ये खोचायचा, फोनशी जोडायचा छोटा स्कॅनर) गप्प बसला तर त्याचा दोष नाही.

२०१३ नंतरची गाडी असून बोलत नसेल तर या क्रमाने पाहा. चावी ऑन आहे का? नुसता सोळावा पिन कायम चालू असतो, त्यामुळे डोंगलची लाइट चावीशिवायही लागते, आणि लोकांना वाटतं जोडणी झाली. डोंगलची लाइटच लागत नसेल तर फ्यूज उडालाय. पुष्कळ गाड्यांत तो मोबाइल चार्जरच्या सॉकेटसोबत सामाईक असतो. चार्जर चालत नाही आणि स्कॅनरही चालत नाही, म्हणजे दहा रुपयांचं काम.

मग फोन. ब्लूटूथ डोंगल आधी फोनच्या सेटिंगमध्ये जोडावा लागतो, पिन १२३४ किंवा ००००, आणि नंतर अ‍ॅपमध्ये निवडावा लागतो. आयफोनला साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई प्रकारचा लागतो. वायफायवाला असेल तर मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन "इथे इंटरनेट नाही" म्हणत गुपचूप डेटावर उडी मारतो आणि तुम्ही डोंगलला शिव्या घालता.

आता डोंगलबद्दल. बाजारात ईएलएम ३२७ या चिपच्या नावाने मिळणारे बहुतेक स्वस्त तुकडे नकला असतात. मूळ कॅनडाच्या कंपनीने त्या चिपची १.५ आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी डबीवर १.५ छापून विकतात. गंमत म्हणजे १.५ म्हणून विकलेले कित्येक तुकडे ठीक चालतात, आणि २.१ लिहिलेल्यांत पुष्कळदा निम्म्या आज्ञा गायब असतात. नव्या गाड्यांत संदेश सहाव्या आणि चौदाव्या पिनवरून जातात, जुन्यांत सातव्यावरून; नकली डोंगल या सातव्यालाच जास्त दगा देतात. म्हणून निर्णय घेण्याआधी तोच डोंगल शेजाऱ्याच्या गाडीत लावून बघा. तिथे चालला तर तुमच्या गाडीत काहीतरी आहे, तिथेही नाही चालला तर परत करा. आज घ्यायचा असता तर मी वायरवाला, स्वतःचा पडदा असलेला कोड रीडर घेतला असता. थोडा महाग, पण फोनची कटकट नाही.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. सोळाव्या पिनवरून तो रात्रंदिवस बॅटरी चाटत असतो, शिवाय पिन १२३४ सगळ्या जगाला पाठ आहे.

वाचा, लिहा, पुसू नका

स्कॅनर लागल्यावर बोट आपोआप "क्लिअर"कडे जातं. थांबा. पुसल्यावर फक्त लाइट जात नाही. कोड लागला त्या क्षणी कॉम्प्युटरने काढून ठेवलेली नोंदही जाते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती गरम, मिश्रणाची दुरुस्ती किती टक्के चालू होती. चोरी झाली त्या जागेचा पंचनामाच म्हणा. गॅरेजवाला लाइट घालवून देतो तेव्हा हा पंचनामा फाडून टाकतो, आणि मग चार दिवसांनी आपण पुन्हा शून्यावर.

माझ्या वहीत पी०१७१ चा दुसऱ्या वेळचा पंचनामा असा आहे: वेग ०, आरपीएम ७८०, कूलंट ९३ अंश, दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (मिश्रणाची तीच दुरुस्ती, टक्क्यांत) +१९. गाडी गरम आहे, उभी आहे, आयडलवर आहे आणि कॉम्प्युटर एकोणीस टक्के जास्त पेट्रोल ओततोय तरी त्याला कमी पडतंय. म्हणजे हवा मधूनच कुठून तरी शिरते. साडेतीन हजार खर्च करण्याआधी हे चार आकडे वाचले असते तर काम तिथेच झालं असतं.

कोडची अक्षरं अशी लागतात. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-चाकं, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅग, यू म्हणजे कॉम्प्युटरांची आपसातली बोलणी तुटली. त्यानंतरचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा खासगी. खासगी कोडचा अर्थ अ‍ॅप अंदाजाने दाखवतं, त्यावर भरवसा नको. पुढचा आकडा विभाग सांगतो: १ आणि २ हवा-इंधन, ३ ठिणगी आणि मिसिंग, ४ धुराचं नियंत्रण, ५ आयडलिंग. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०० म्हणजे कुठेही, कधीही.

"पेंडिंग" नावाची वेगळी यादी असते, तीही उघडा. तिथे संशयित असतात, गुन्हा एकदा दिसलाय पण पुन्हा दिसायचाय. पावसातली येते-जाते लाइट इथेच सापडते. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की कॉम्प्युटर लाइट आपणच विझवतो, कोड मात्र आत बराच काळ राहतो. त्यामुळे "लाइट गेली, झालं" म्हणून स्कॅनर लावायचं टाळू नका.

बॉनेट उघडून: डोळे, नाक, बोटं

इंजिन थंड असताना. उजेड चांगला हवा, मोबाइलचा टॉर्च पाइपांच्या खालून मारा, वरून नाही. चिरा पोटाकडे असतात.

एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनापर्यंतचा जाड पाइप, त्याच्या पट्ट्या, इनटेकला लागलेले सगळे बारीक रबरी पाइप एकेक करून बोटाने दाबा, वाकवा. इंजिनाच्या उष्णतेत रबर आठ-दहा वर्षांत बिस्किटासारखं होतं. शंका असेल तर इंजिन आयडलला ठेवून इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या फवाऱ्याने त्या पाइपावर थोडं पाणी मारा. चीर असेल तर इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. व्हिडिओत यासाठी कार्ब क्लीनर मारतात. ते पेटतं, आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. पाणीच बरं. कॉइल आणि कपलर मात्र टाळून, आणि हात-कपडे पंख्यापासून लांब.

ब्रेक बूस्टरला जाणाऱ्या जाड पाइपातून हवा जात असेल तर ब्रेक पेडल दगडासारखं लागतं. तसं असेल तर गाडी जागची हलवायची नाही.

उंदीर. मुंबईत इंजिनाचा तिसरा मालक उंदीर असतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर आमच्या तळमजल्यावरच्या काकांच्या गाडीत पी०२०२ आला, दुसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट. काका बेस्टमधून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं डिझेल इंजिनं ऐकलेला माणूस. मी स्कॅनर काढेपर्यंत त्यांनी बॉनेट उघडून वास घेतला आणि म्हणाले, "अरे, इथे कोणीतरी जेवलंय." इनटेकच्या खाली खोबऱ्याचा तुकडा, नारळाची शेंडी आणि लेंड्या. शेजारी इंजेक्टरची वायर तांब्यापर्यंत सोललेली. सोललेली वायर नुसती टेप गुंडाळून सोडू नका, पावसाळ्यात तिथेच हिरवं होतं. सोल्डर करून वर गरम केल्यावर आवळणारी नळी.

पावसाळा किंवा इंजिन धुतल्यानंतर मिसिंग आलं असेल तर कॉइल उपसून प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. आत पाणी साचलेलं दिसेल. जुन्या कापडाने टिपून घ्या, वाळू द्या. प्लग काढण्याआधी ते पाणी काढा, नाहीतर सरळ सिलिंडरमध्ये जाईल.

सीएनजी असेल तर

नंतर बसवलेलं किट असेल तर तपासणी आधी पेट्रोलवर करा. या किटचा स्वतःचा छोटा कॉम्प्युटर पेट्रोल इंजेक्टरचे इशारे चोरून गॅसचे इशारे बनवतो. गॅसचं ट्यूनिंग बिघडलं की मूळ कॉम्प्युटर मिश्रण सावरायला ट्रिम ओढत राहतो, आणि तीच ओढलेली ट्रिम पेट्रोलवर लागू होऊन पेट्रोलवरही गाडी झटके मारते. दोन दिवस पेट्रोलवर चालवून ट्रिम शून्याकडे परत आली तर इंजिन निर्दोष, किटवाल्याकडे लॅपटॉप ट्यूनिंगला जा. रात्री पंपावरची रांग टाळायला मी हे दोन दिवस मुद्दाम आठवड्याच्या मधे ठेवतो.

मिसिंग फक्त गॅसवर असेल तर आधी प्लग बदला. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो.

चालू आकडे

अ‍ॅपमध्ये लाइव्ह डेटा उघडा. गाडी पूर्ण गरम, उभी, एसी बंद. सगळे आकडे बघत बसलात तर काही कळणार नाही, मी चारच बघतो.

कूलंट: पंधरा-वीस मिनिटांनी ८० ते १०० च्या मधे. कायम ६०-६५ वर अडकलं तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय, एव्हरेज तिथे जातंय.

फ्युएल ट्रिम: अल्पकालीन आणि दीर्घकालीन यांची बेरीज घ्या. उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर झोप घ्या. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरल्यापासून जुन्या गाड्यांत ती आधीपेक्षा तीन-चार टक्के वर दिसते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आहे. त्याची काळजी नको. आता मुख्य गोष्ट. आयडलवर बेरीज बघा, मग रेस देऊन २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून पुन्हा बघा. आयडलला +१९ आणि २५०० ला +४, तर पाइपात चीर. चिरेतून शिरणारी हवा तेवढीच, पण इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलला ठीक आणि चढावर, जोर लागताना वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप, इंजेक्टर. ही एक चाचणी फुकट आहे आणि नुसत्या अंदाजावर सेन्सर बदलण्यापासून वाचवते.

पुढचा ऑक्सिजन सेन्सर: जुन्या प्रकारच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा नाचत असेल तर तो जिवंत आहे. नाचतोय तोवर बदलू नका.

चौथा, व्होल्टेज. वर सांगितलंय.

रस्त्यावर आकडे बघायचे असतील तर फोन शेजारच्याच्या हातात.

अदलाबदल

पी०३०१, पी०३०२ असा सिलिंडर सांगणारा कोड असेल आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर नवीन कॉइल आणण्याआधी पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड लिहून घेतलाय ना? आता पुसा आणि चालवा. मिसिंग कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर कॉइल वाईट. जागचं हललं नाही तर प्लगची तशीच अदलाबदल करा. दोन्ही करूनही तिथेच असेल तर इंजेक्टर, वायर किंवा कॉम्प्रेशन, आणि कॉम्प्रेशनचं काम घरच्या पार्किंगमधलं नाही. कपलर काढताना चावी बंद, आणि प्लॅस्टिकची कडी दाबून. ओढली की तुटते, मग केबल टायवर आयुष्य काढावं लागतं.

वायर आणि अर्थिंग

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर मल्टिमीटर. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंगची पट्टी खराब. बोल्ट खोलून सँडपेपर मारा, घट्ट करा. सेन्सरच्या कपलरमध्ये हिरवा-पांढरा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. ग्रीस किंवा खोबरेल तेल पिनांना लावू नका. हो, खोबरेल लावलेलं पाहिलंय.

बल्बची टेस्ट लॅम्प घेऊन सेन्सरच्या वायरी टोचत फिरणारा वायरमन दिसला तर प्रेमाने थांबवा. तो बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा या कॉम्प्युटरच्या बारीक सर्किटना झेपत नाही.

इथे थांबा, जाणत्या माणसाकडे द्या

लाइट लुकलुकतेय आणि कॉइल-प्लग बदलूनही थांबत नाही.

गाडी पाण्यात गेली होती. हिंदमाता असो की मिलन सबवे, पाण्यात बंद पडलेली गाडी परत सेल्फ मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्कॅनर लावायलाही चावी ऑन करू नका. टोइंग.

कोड सी किंवा बी ने सुरू होतोय आणि एबीएस किंवा एअरबॅगची लाइट आहे. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही.

पी००१६ सारखा क्रँक-कॅमच्या (पिस्टन आणि व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दोन दांड्यांच्या) मेळाचा कोड, विशेषतः सुरू करताना साखळीचा खडखडाट असेल तर. टायमिंग चेन सरकली असेल तर चालवत राहणं म्हणजे व्हॉल्व्हवर पिस्टन आपटायची वाट बघणं.

पेट्रोलचा वास येतोय किंवा इंधनाची लाइन खोलावी लागणार आहे. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारच्या आसपास दाब असतो. त्या बाजूचा एकही नट तुमचा नाही, परवानाधारक किटवाल्याचा आहे.

गाडी वॉरंटीत आहे. मग कोड लिहून घ्या, फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला जा, काही खोलू नका.

आणि पी०४२०, कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड. यात पुष्कळ जण फसतात. आधी सायलेन्सरच्या जोडातून गळती आहे का ते बघून घ्या, आणि मिसिंगचा कोड सोबत असेल तर तो आधी सोडवा. "आतली जाळी फोडून टाकतो, लाइट येणार नाही" असं कोणी म्हणालं तर गाडी घेऊन परत या. ती जाळी धूर साफ करायला आहे, आणि तिच्यात प्लॅटिनम-पॅलेडियम असतं, त्यामुळे ती काढून घ्यायची घाई कोणाला का असते तेही समजून घ्या.

गॅरेजला जाताना "मशीन लावा" म्हणू नका. कोड, फ्रीझ फ्रेमचे आकडे आणि आतापर्यंत काय काय तपासलं हे कागदावर लिहून हातात द्या. उस्ताद चांगला असेल तर त्याचे दोन तास वाचतात. तुमच्यासमोर काही तपासल्याशिवाय तो कागद बाजूला ठेवून थेट सेन्सरची किंमत सांगू लागला तर दुसरं गॅरेज बघा.

पुसल्यानंतर

दुरुस्ती झाल्यावरच पुसा. अ‍ॅपमध्ये "रेडिनेस" नावाची यादी असते. पुसल्यावर तिथल्या बहुतेक चाचण्या "अपूर्ण" होतात आणि काही दिवसांच्या मिश्र चालण्यानंतर, थंड सुरुवात, थोडा ट्रॅफिक, थोडा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, एकेक करून पूर्ण होतात. सगळ्या पूर्ण झाल्या, पेंडिंग यादी रिकामी आहे, तेव्हा मी काम झालं म्हणतो. सेकंडहँड गाडी बघताना सगळ्याच "अपूर्ण" दिसल्या तर विकणाऱ्याने कालच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. त्याला विचारा, चेहरा बघा.

माझ्या गाडीची ट्रिम महिन्यातून एकदा वहीत लिहितो. फेब्रुवारीत +३ होती, मार्चमध्ये +५, परवा +९. एकशे ऐंशीचा दुसरा पाइप कुर्ल्याहून आणून डिकीत टाकलाय. रविवारी काकांना घेऊन बॉनेट उघडणार आहे.